ऐतिहासिक चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या विस्तारित आवृत्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बेन-हर', 'स्पार्टाकस', 'एल सिड', 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' अशा चित्रपटांचं पार्श्वसंगीत गोळा करणारे मराठी लोक मोजके आहेत, पण चिवट आहेत. कुणाच्या घरी वडिलांची एलपी आहे, कुणी परदेशात शिकताना पहिली सीडी घेतली, कुणाला सिनेमा टीव्हीवर पाहून नाद लागला. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. विस्तारित आवृत्ती म्हणजे नेमकं काय? जुनीच सीडी, पण दोन-चार तुकडे जास्त?

कधी कधी तेवढंच असतं. पण चांगल्या विस्तारित आवृत्तीत चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झालेलं जेवढं संगीत हाती लागलं तेवढं सगळं, चित्रपटाच्या क्रमाने, मूळ टेपवरून नव्याने उतरवून दिलेलं असतं. त्याशिवाय न वापरलेले तुकडे, एखाद्या प्रसंगाची वेगळी चाल, पडद्यावर बँड किंवा नर्तिका दिसतात तिथलं संगीत, आणि जुन्या एलपीवरचं ध्वनिमुद्रण असंही बरंच काही जोडलेलं असतं. सोबत जाड पुस्तिका येते. कोणता तुकडा कुठे वापरला, कुठे कापला, टेप कोणत्या अवस्थेत सापडली, हे तिच्यात सविस्तर लिहिलेलं असतं. माझ्या मते ही पुस्तिका अर्धी किंमत वसूल करून देते. आधी ती वाचा आणि मग सीडी लावा.

2. सिनेमा न पाहता नुसतं पार्श्वसंगीत ऐकून काय मिळतं? आणि ऐतिहासिक चित्रपटांचंच एवढं वेड का?

1950 आणि 60 च्या दशकांतल्या ऐतिहासिक चित्रपटांत संगीतकाराला जी जागा मिळाली, ती नंतर फारशी कुणाला मिळाली नाही. तीन-साडेतीन तासांचा सिनेमा, पडदा उघडण्याआधी वाजणारं ओव्हर्चर, मध्यंतराचं संगीत, लोक बाहेर पडत असताना वाजणारं संगीत. शंभर-शंभर वादकांचा वाद्यवृंद, वर गायकांचा ताफा. मिक्लोश रोझा या हंगेरियन संगीतकाराने तर अभ्यासकासारखं काम केलं. 'क्वो वाडिस' (1951) साठी त्याने प्राचीन ग्रीक संगीताचे उरलेसुरले अवशेष शोधले आणि सेकिलोसच्या थडग्यावर कोरलेली चाल चित्रपटात आणली. 'एल सिड' (1961) साठी तो स्पेनला गेला, रामोन मेनेंदेझ पिदाल या वयोवृद्ध इतिहासकाराचा सल्ला घेतला आणि तेराव्या शतकातली 'कांतिगास' ही भक्तिगीतं अभ्यासली.

हे सगळं सिनेमात संवादांच्या, घोड्यांच्या टापांच्या आणि तलवारींच्या खणखणाटाखाली दबून जातं. 'बेन-हर'मधला गुलामांनी वल्ही मारण्याचा प्रसंग घ्या. हातोड्याच्या ठोक्यावर वेग वाढत जातो, आणि वाद्यवृंद त्या ठोक्याला धरून पायरीपायरीने चढतो. पडद्यावर आपण घामेजलेले चेहरे पाहत असतो. सीडीवर मात्र खालच्या पट्टीतली पितळी वाद्यं वल्ह्याच्या ओढीसारखी दर मात्रेला कशी रेटतात आणि वरची तंतुवाद्यं कशी धापा टाकतात, हे स्वच्छ ऐकू येतं. एकदा ते ऐकलं की सिनेमातला प्रसंगही निराळा वाटतो.

3. मग हे सगळं संगीत तेव्हाच का नाही काढलं?

एक कारण जागेचं. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मावतात, आणि 'बेन-हर'मध्ये अडीच तासांच्या आसपास संगीत आहे.

दुसरं आणि जास्त जड कारण पैशाचं. अमेरिकेत वादकांची संघटना प्रबळ होती. सिनेमासाठी वाजवलेलं संगीत रेकॉर्ड म्हणून विकायचं झालं तर सगळ्या वादकांना पुन्हा मानधन द्यावं लागे. शंभर वादक असतील तर हा आकडा कंपनीला झेपत नसे. मग त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग म्हणजे युरोपातल्या एखाद्या वाद्यवृंदाकडून निवडक भाग पुन्हा वाजवून घेणे. जुन्या एलपींची बरीच गुंतागुंत इथूनच सुरू होते.

तिसरं म्हणजे ग्राहक. तेव्हाच्या लोकांना सिनेमाची आठवण म्हणून मुख्य धून हवी होती. दिग्दर्शकाने कापलेला तुकडाही ऐकायचा आहे असं म्हणणारा श्रोता नंतर तयार झाला.

4. आमच्या घरी 'बेन-हर'ची जुनी एलपी आहे. ती सिनेमातलीच ना?

बहुधा नाही. 1959 साली एमजीएमने (हा सिनेमा काढणाऱ्या स्टुडिओने) काढलेली एलपी रोममध्ये कार्लो साविनाच्या हाताखाली नव्याने वाजवलेली आहे. तिच्या मागोमाग आलेली दुसरी एलपी जर्मनीत एरिक क्लॉसने केली. दोन्हींत संगीत रोझाचंच आहे, पण वाजवणारे सिनेमातले नाहीत. सिनेमासाठीचं संगीत हॉलिवूडमध्ये खुद्द रोझाने एमजीएमच्या वाद्यवृंदाकडून बारा सत्रांत वाजवून घेतलं होतं.

म्हणून वडिलांची एलपी टाकाऊ ठरत नाही. ती तुमच्या घराने ऐकलेली आहे, आणि त्या काळात जगभरच्या लोकांनीही तीच ऐकली. फक्त मुखपृष्ठावरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नका. मागच्या बाजूला वाद्यवृंदाचं आणि संचालकाचं नाव असतं, ते वाचा. बाहेर चित्रपटाचं पोस्टर आणि आत दुसऱ्याच देशातला वाद्यवृंद, हा त्या काळचा सर्रास प्रकार होता.

5. 'बेन-हर'च्या इतक्या आवृत्त्या आहेत. त्यातली कोणती घ्यावी?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1977 साली रोझाने स्वतः लंडनमध्ये नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी एक एलपी केली. ही नव्याने वाजवलेली आणि निवडक आहे, पण संगीतकार स्वतः संचालन करतो आहे आणि ध्वनी भरदार आहे. एक तासात 'बेन-हर' ऐकायचं असेल तर आजही हीच सुचवेन.

1996 साली ऱ्हायनो या कंपनीने दोन सीडींत सिनेमातलं मूळ ध्वनिमुद्रण काढलं. एका पिढीला 'खरं' बेन-हर पहिल्यांदा इथे ऐकायला मिळालं. जुन्या बाजारात ही अजून अधूनमधून दिसते.

2012 साली फिल्म स्कोअर मंथली या छोट्या कंपनीने पाच सीडींचा संच काढला. सिनेमातलं संगीत, पर्यायी टेक (म्हणजे तोच तुकडा पुन्हा वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं), कापलेले भाग, आणि प्रश्न 4 मधल्या जुन्या एलपींचं ध्वनिमुद्रणसुद्धा त्यात आहे. रोझाने एखादा प्रसंग आधी कसा बांधला आणि नंतर का बदलला, हे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतं. माझ्या कपाटातला एकच संच ठेवायचा म्हटलं तर मी हा ठेवेन.

2017 साली टॅडलो या ब्रिटिश कंपनीने प्रागमध्ये सगळं संगीत नव्याने वाजवून दोन सीडींत आणलं. ध्वनी आजचा, स्वच्छ आणि खोल. मूळ टेप उपलब्ध असताना नवं कशाला, असं विचारणाऱ्यांनी प्रश्न 8 पाहावा.

रथांच्या शर्यतीचं संगीत कोणत्या सीडीवर आहे, असंही पुष्कळ जण विचारतात. शर्यतीला संगीतच नाही. शर्यतीआधी सारथ्यांची मिरवणूक निघते तिला आहे. रथ सुटले की फक्त चाकं, टापा आणि गर्दीचा आवाज. कुठे थांबायचं हे त्या लोकांना कळत होतं.

6. मूळ टेप असतात कुठे? आणि इतक्या वर्षांनी त्या वाजतात तरी कशा?

स्टुडिओच्या गोदामात, विद्यापीठाच्या संग्रहात, कधी संगीतकाराच्या घरी. 50 च्या दशकात हॉलिवूडमध्ये संगीत बहुतेकदा 35 मिलिमीटरच्या चुंबकीय फिल्मवर, डावा-मधला-उजवा अशा तीन मार्गांवर ध्वनिमुद्रित होई. या फिल्मचा पाया असिटेटचा. दमट, उबदार जागेत तो कुजायला लागतो आणि व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. मग फिल्म आकसते, वाकडी होते. ती यंत्राच्या डोक्यावर सपाट बसत नाही आणि आवाज मधूनच विरतो किंवा थरथरतो. एकदा सुरू झालेलं कुजणं थांबवता येत नाही. थंड, कोरड्या जागेत ठेवून त्याचा वेग फक्त कमी करता येतो. म्हणून या आवृत्त्या काढणाऱ्यांची घाई समजून घ्यायला हवी. आज उतरवून न घेतलेली टेप दहा वर्षांनी उतरवता येईलच असं नाही.

कागदांची कथा आणखी वाईट. एमजीएमने 1970 च्या आसपास आपल्या संगीत विभागातले वाद्यवार लिहिलेले कागद चक्क कचरा-भरावात टाकले. पिढ्यांचं काम मातीखाली गेलं. काही संगीतकारांनी स्वतःच्या प्रती जपल्या म्हणून तेवढं वाचलं. रोझाची कागदपत्रं आज सिरॅक्यूज विद्यापीठात आहेत.

7. 'स्पार्टाकस'चा एवढा मोठा संच, तरी त्यातला बराच भाग मोनोमध्ये का?

कारण स्टिरिओमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा ठेवून, सगळं उरलेलंच नाही; मोनोत सगळा आवाज एकाच मार्गावर असतो. 2010 साली व्हारेझ साराबांद कंपनीने आपलं हजारावं प्रकाशन म्हणून सहा सीडी आणि एक डीव्हीडी असा संच काढला, 5000 प्रतींचा. स्टिरिओमध्ये वाचलेला भाग साधारण एका सीडीत बसला. संपूर्ण संगीत मोनोमध्ये मिळालं, म्हणून ते मोनोमध्ये दिलं. कंपनीने दोन्ही वेगवेगळं ठेवलं हे मला फार आवडलं. मोनोला कृत्रिमपणे रुंद करून 'स्टिरिओ' म्हणण्याचा उद्योग जुन्या एलपींवर खूप झाला आहे आणि तो कानाला त्रासच देतो.

मोनोला घाबरू नका. संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थने या संगीतावर वर्षभराहून अधिक काळ घालवला. त्यातली पितळी वाद्यं आणि तालवाद्यं मोनोत जास्त अंगावर येतात. गुलामांच्या शाळेतल्या प्रसंगांत करकरीत, सुरात न मिळणारे स्वर आहेत, आणि प्रेमाच्या प्रसंगात ऑन्डिओलिन नावाचं सुरुवातीच्या काळातलं इलेक्ट्रॉनिक वाद्य. शेवटच्या दोन सीडींवर त्याच प्रेमधुनेची वेगवेगळ्या कलाकारांनी केलेली रूपं आहेत. जॅझवाल्यांनी ही धून फार पूर्वीच आपलीशी केली आहे. बिल इव्हान्सने ती वाजवली, युसेफ लतीफनेही.

8. मूळ टेपच नसेल तर? नव्याने वाजवलेली आवृत्ती कमअस्सल मानायची का?

अजिबात नाही. पण ती वेगळी वस्तू आहे, हे लक्षात ठेवून घ्यावी.

टॅडलो आणि तिच्या सहकारी कंपन्यांनी प्राग शहराच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून, निक रेन यांच्या संचालनाखाली, 'एल सिड', 'क्वो वाडिस', 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' अशी एकामागून एक संगीतं पूर्ण वाजवून घेतली. कागद अपुरे असतील तिथे जाणकार माणसं सिनेमाचा ध्वनिपट ऐकून एकेक वाद्याची ओळ पुन्हा लिहून काढतात. संवादाच्या मागे हार्प वाजतो आहे की चेलेस्टा, हे ठरवायला एकच सेकंद पुन्हा पुन्हा ऐकायचा. या कष्टाचं मोल ज्यांना वाटत नाही, त्यांनी एकदा हेडफोन लावून हा प्रयोग करून पाहावा.

'लॉरेन्स'चं उदाहरण बोलकं आहे. मोरीस झारच्या या संगीताला ऑस्कर मिळालं, पण जुनी एलपी त्रोटक होती. 2010 च्या प्राग आवृत्तीत ते पहिल्यांदा सबंध ऐकायला मिळालं. याच सिनेमाबद्दल आणखी एक उपप्रश्न येतो: श्रेयनामावलीत संचालक म्हणून सर एड्रियन बोल्ट यांचं नाव आहे, मग लोक झारचं नाव का घेतात? चित्राच्या क्षणाक्षणाला बांधलेल्या वेळा सांभाळणं बोल्ट यांना जमेना, तेव्हा संचालन झारने हाती घेतलं. नाव मात्र बोल्ट यांचंच राहिलं.

मूळ आणि नवं दोन्ही उपलब्ध असेल तर मी आधी मूळ घेईन. त्या खोलीत, त्या दिवशी, संगीतकारासमोर वाजलेल्या सुरांना एक ताण असतो. पण नव्या ध्वनिमुद्रणात मधल्या वाद्यांच्या ओळी सुट्या सुट्या ऐकू येतात, आणि संगीत कसं रचलंय हे शिकायचं असेल तर त्याला तोड नाही.

9. या आवृत्त्यांच्या बहुधा 3000 प्रतीच का काढतात? हा विक्रीचा डाव आहे का?

मर्यादित आवृत्तीमुळे खरेदीची घाई होते, हे खरं. पण मूळ कारण प्रश्न 3 मधलंच आहे. वादकांच्या संघटनेशी पुढे असे करार झाले की मर्यादित प्रती काढल्या तर पुनर्वापराचं मानधन कमी लागेल. त्यामुळे छोट्या कंपन्यांना हे परवडू लागलं. 3000 हा आकडा इतका रुळला की तो ओळखच बनला. त्या सवलतीशिवाय तुमच्या-माझ्या कपाटातल्या निम्म्या सीडी निघाल्याच नसत्या. मागणी मोठी असेल तिथे प्रतीही जास्त निघतात.

10. हवी ती आवृत्ती संपली आहे. वाट पाहू की चढी किंमत देऊ?

शक्यतो वाट पाहा. या क्षेत्रात संपलेली गोष्ट पुन्हा येते, आणि बरेचदा आधीपेक्षा चांगली होऊन येते. 'द रोब' (1953) चंच पाहा. पहिला सिनेमास्कोप चित्रपट, संगीत आल्फ्रेड न्यूमनचं. 1993 साली एक सीडी, 2003 साली दोन सीडींची आवृत्ती, 2012 साली पुन्हा नवी. दहा-दहा वर्षं थांबलेल्यांचा फायदाच झाला.

अपवाद दोन. कंपनीच बंद झाली असेल तर तिचा तो संच जसाच्या तसा परत येण्याची आशा कमी. फिल्म स्कोअर मंथलीने 250 प्रकाशनांनंतर 2013 मध्ये काम थांबवलं. तिचा पंधरा सीडींचा रोझा संच किंवा ब्रॉनिस्लाव केपरच्या 'म्युटिनी ऑन द बाउंटी'चा तीन सीडींचा संच बऱ्या किमतीत दिसला तर सोडू नका. दुसरा अपवाद म्हणजे तुमचं वय सत्तरीपुढे असेल तर. तेव्हा खुशाल घ्या.

नकली प्रतींपासून जपा. सीडीची खालची बाजू निळसर-हिरवट दिसली तर ती घरी 'बर्न' केलेली असण्याची दाट शक्यता आहे. कारखान्यात छापलेली चंदेरी असते आणि आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक दिसतो. विक्रेत्याकडून त्या कड्याचा फोटो मागा. प्रामाणिक माणूस लगेच पाठवतो.

11. भारतात मागवायच्या तर कशा? कस्टम्स किती लागतं?

दोन सीडींचा संच साधारण 30 डॉलरच्या घरात असतो आणि कुरिअर कधी कधी तेवढंच घेतं. कस्टम्सचा हिशेब करताना वस्तूच्या किमतीत पाठवणावळही धरतात, हे बऱ्याच जणांना बिल हातात पडल्यावर कळतं. म्हणून एकेक मागवू नका, तीन-चार जणांनी मिळून एकत्र मागवा. पुण्यात आणि ठाण्यात आमचे काही स्नेही असंच करतात.

बहुतेकांचा खरा मार्ग मात्र कॅलिफोर्नियातला भाचा किंवा न्यू जर्सीतली मावसबहीण. असे संच काढणाऱ्या कंपन्यांपैकी इंट्राडा कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची, ला-ला लँड तिथल्याच बरबँकची, त्यामुळे अमेरिकेतल्या पत्त्यावर पोचवणं सोपं. येणाऱ्याला प्लॅस्टिकची डबी तिथेच काढायला सांगा. सीडी आणि पुस्तिका कपड्यांत नीट येतात. डबी मात्र हमखास फुटते, आणि ती इथे नवी मिळते.

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं आणि दुकानात उभं राहून चाळण्याची सोय गेली. जुन्या एलपींसाठी चोर बाजार अजून आहे, पण प्रश्न 4 लक्षात ठेवूनच जा.

12. स्ट्रीमिंगवर फुकटात मिळत असताना सीडी कशाला?

स्ट्रीमिंगवर बहुधा जुन्या एलपीवरचे निवडक तुकडेच असतात. सीडीपुरत्या हक्कांवर काढलेल्या मर्यादित विस्तारित आवृत्त्या तिथे कमीच सापडतात. पुस्तिका तर नाहीच. प्रागमधली काही ध्वनिमुद्रणं मात्र तिथे आहेत. आधी ती ऐकून पाहा.

13. पुस्तिकेत '3एम2' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते काय?

तिसऱ्या रिळातला दुसरा संगीताचा तुकडा. सिनेमा पूर्वी रिळांत विभागलेला असे आणि संगीतकार प्रत्येक रिळातल्या तुकड्यांना क्रमाने आकडे देई. आकड्यापुढे एखादं अक्षर जोडलेलं असेल तर तो तुकडा पुन्हा लिहिला किंवा बदलला गेला, असा अर्थ बहुधा निघतो. हे आकडे वाचायला लागलात की कोणता प्रसंग नंतर पुढेमागे सरकवला तेही ओळखू येतं. संग्राहकांच्या बोलण्यात हे आकडे सतत येतात. बुजू नका, आठवडाभरात सवय होते.

14. 'द टेन कमांडमेंट्स'च्या सहा सीडी. एकच संगीत इतक्यांदा कशासाठी?

कारण ते खरोखर वेगवेगळ्या वेळी वाजलेलं आहे. हे काम आधी व्हिक्टर यंगकडे जायचं होतं. तो आजारी पडला आणि 1956 मध्येच वारला. चित्रीकरणासाठी नृत्याची गाणीबजावणी करायला घेतलेल्या तरुण एल्मर बर्नस्टाइनकडे सगळं संगीत आलं. सिनेमासाठी एकदा (1957 ची मोनो एलपी त्यातलेच भाग घेऊन काढली), मग 1960 साली स्टिरिओसाठी पुन्हा, आणि 1966 साली आणखी एकदा. इंट्राडाने 2016 साली, चित्रपटाच्या साठाव्या वर्षी, हे सगळं एका संचात आणलं.

मिसरमधून बाहेर पडण्याचा प्रसंग तिन्ही ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐका. एकाच संगीतकाराचा हात दहा वर्षांत कसा सैलावतो, लय कुठे मोकळी होते, ते कळतं. ज्यांना एवढं नको, त्यांनी फक्त सिनेमातलं ध्वनिमुद्रण ऐकावं. संच घेतला म्हणून सगळ्या सीडी ऐकायलाच हव्यात असं बंधन नाही.

15. जास्त मिनिटं म्हणजे जास्त चांगली आवृत्ती, बरोबर ना?

नाही. नवे संग्राहक इथेच फसतात. जेरी गोल्डस्मिथचं 'पॅटन' (1970) पाहा. जवळपास तीन तासांच्या सिनेमात संगीत अर्ध्या तासाच्या आसपास. इकोप्लेक्स यंत्रातून विरत जाणारी ती तीन सुरांची तुतारी थोडाच वेळ वाजते म्हणून अंगावर येते. 2010 च्या इंट्राडा आवृत्तीत सिनेमातलं ध्वनिमुद्रण आणि एलपीसाठी वेगळं केलेलं ध्वनिमुद्रण दोन्ही आहेत, तरी संच आटोपशीर आहे आणि त्यात काहीही कमी वाटत नाही.

आधी पाहायचा तो टेपचा स्रोत. कोणत्या पिढीची टेप (मूळ की प्रतीची प्रत), कुणी उतरवली, ध्वनी किती दाबला, हे विचारा. मिनिटं नंतर मोजा. जुनी छोटी सीडी लगेच विकूही नका. संगीतकाराने स्वतः निवडून, जोडून लावलेला चाळीस मिनिटांचा क्रम ही त्याची स्वतंत्र रचना असते.

16. 'द इजिप्शियन'ला दोन संगीतकार आहेत. सीडी कुणाच्या नावाखाली ठेवायची?

वेळ कमी पडला म्हणून 1954 साली हे काम आल्फ्रेड न्यूमन आणि बर्नार्ड हरमन यांनी वाटून घेतलं. दोघांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचा फरक, तरी सिनेमात सांधा दिसत नाही. तेव्हाची एलपी न्यूमनने संचालित केलेली, त्यामुळे हरमनचा वाटा बऱ्याच जणांना उशिरा कळला. 2011 च्या दोन सीडींत कुठला तुकडा कुणाचा हे स्पष्ट आहे. मी चित्रपटाच्या नावानेच ठेवतो.

याच्या उलटा प्रकार 'डिमिट्रियस अँड द ग्लॅडिएटर्स'चा. संगीत फ्रान्झ वॅक्समनचं, पण हा 'द रोब'चा पुढचा भाग असल्याने न्यूमनच्या धुना त्यात मुद्दाम घेतल्या आहेत. ती चोरी नव्हे.

17. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांचं असं काही का निघत नाही?

हा प्रश्न मनाला लागतो. भालजी पेंढारकरांच्या 'मराठा तितुका मेळवावा' (1964) ची गाणी, म्हणजे आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी दिलेलं संगीत, घराघरांत आहे. पण त्याच चित्रपटाचं पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे कुठे ऐकायचं? आपल्याकडे विकली जायची ती गाणी. संवाद, आवाज आणि संगीत एकत्र मिसळून झालं की संगीताची वेगळी टेप सांभाळायला कुणाला कारण उरत नसे. वर जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मोठा ठेवा गेला.

'मुघल-ए-आझम' 2004 साली रंगीत होऊन आला तेव्हा काय करावं लागलं ते पाहा. गायकांचे मूळ आवाज वेगळे काढले आणि नौशाद यांच्या देखरेखीखाली उत्तम सिंग यांच्या साथीने संगीत नव्याने वाजवलं. म्हणजे प्रश्न 8 मधलाच मार्ग. तो मराठी चित्रपटांसाठीही मोकळा आहे. त्या काळचे वादक अजून आपल्यात आहेत, त्यांच्या घरी नोटेशनच्या वह्या आहेत. तुमच्या घरी किंवा ओळखीत असं काही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

18. मी अगदी नवखा आहे. कुठून सुरुवात करू?

थेट पाच-सहा सीडींच्या संचाला हात घालू नका. जो सिनेमा तुम्हाला पाठ आहे त्याचं घ्या, प्रसंग डोळ्यांपुढे येतात आणि संगीत पकडता येतं. जुन्या चित्रपटांची सवय नसेल तर 'ब्रेव्हहार्ट' (1995) च्या दोन सीडी सोप्या जातील. ती आवृत्ती जेम्स हॉर्नरच्या निधनाच्या वर्षीच, 2015 मध्ये आली. जॉन बॅरीचं 'डान्सेस विथ वुल्व्ज' आणि जॉन विल्यम्सचं 'शिंडलर्स लिस्ट' यांच्याही दोन-दोन सीडींच्या चांगल्या आवृत्त्या आहेत. तिथून मागे मागे जा, गोल्डस्मिथ, मग नॉर्थ, मग रोझा. भारताशी जोडलेलं काही हवं असेल तर 'गांधी' (1982) ऐका. पंडित रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांनी मिळून केलेलं ते काम सिनेमाइतकंच संयमी आहे.

19. सिनेमात स्पष्ट ऐकलेला एक तुकडा 'संपूर्ण' म्हणवणाऱ्या आवृत्तीतही नाही. कंपनीने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. तीन शक्यता तपासा.

पहिली, तो तुकडा मुळात वेगळा ध्वनिमुद्रितच झालेला नसेल. संकलकाने पहिल्या रिळातलं संगीत उचलून सातव्या रिळात चिकटवलेलं असतं. सीडीवर ते पहिल्या जागी आहेच, दुसऱ्यांदा देत नाहीत. पुस्तिकेत तशी नोंद सापडेल.

दुसरी, सिनेमात दोन टेकांचे भाग जोडलेले असतील आणि सीडीवर सलग एकच टेक दिलेला असेल. संगीत तेच, पण तुमच्या ओळखीचं वळण दुसऱ्या टेकमध्ये होतं. ते पर्यायी तुकड्यांच्या सीडीवर शोधा, क्रमांक प्रश्न 13 प्रमाणे जुळवा.

तिसरी, त्या तुकड्याची टेप नष्ट झालेली असेल आणि संगीत फक्त संवादांसकट सिनेमाच्या ध्वनिपटावर उरलेलं असेल. काही निर्माते असा तुकडा वगळतात, काही संवादांसकट परिशिष्टात देतात. मी दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे. रोमन सेनापतीचं एक वाक्य मध्ये आलं तरी चालेल, पण मागची ती व्हायोलिनची ओळ कुठेतरी नोंदलेली असावी.

यातलं काहीच जुळत नसेल तर प्रसंग, मिनिट-सेकंद आणि तुमची आवृत्ती नेमकी लिहून थेट कंपनीला पत्र टाका. या छोट्या कंपन्या आहेत. पत्र वाचणारा माणूस पुष्कळदा टेप स्वतः हाताळणाराच असतो, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाल्याचीही उदाहरणं आहेत.